परदेशी शिक्षण आणि डोंबिवलीचा ब्लॉक

गेल्या दिवाळीत पाडव्याला मोठे भावजी, जाऊबाई आणि पुतणी कल्याणहून आमच्याकडे फराळाला आली. यंदा माझ्या चकल्या जरा मऊच पडल्या होत्या. एरवी जाऊबाई अशी संधी सोडायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र "छान झाल्यात हं" म्हणाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

चहा झाल्यावर भावजींनी घसा खाकरला. म्हणाले, "हिला पुढं एम.एस.ला अमेरिकेला पाठवायचं म्हणतोय. बँक पंचेचाळीस लाखांपर्यंत देते. पण तारण लागेल." आणि त्यांनी वर आढ्याकडं पाहिलं. ते आढं आमचं होतं.

मैत्रिणींनो, आम्ही राहतो तो डोंबिवली पूर्वेचा ब्लॉक सासऱ्यांनी घेतलेला. त्यांच्यामागं तो दोघा भावांच्या नावावर झाला. भावजींनी कल्याणला स्वतःची जागा घेतली, पण तिच्यावरचं गृहकर्ज अजून फिटायचंय, म्हणजे ती जागा बँकेकडं आधीच अडकलेली. राहिला हा. याच्यावर कर्ज काढायचं तर आमच्या ह्यांचीही सही हवी.

खरं सांगायचं तर मला राग आला. वरवर मी शंकरपाळ्यांचा डबा पुढं केला आणि मनात म्हटलं, आमचा मुलगा सहावीत आहे, उद्या त्याचं काय? पण पुतणीकडं पाहिलं तर ती मान खाली घालून बोटांनी रांगोळीचा ठिपका पुसत बसलेली. पोर हुशार आहे. मेकॅनिकलला, तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती, एकही केटी नाही. तिचं काय चुकलं?

रात्री ह्यांनी विचारलं, "काय करू या?" मी म्हटलं, "आधी मला हिशेब कळू दे."

मी इतिहासात बी.ए. झालेली, अर्धवेळ शिक्षिका. इंजिनियरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण महिन्याचा किराणा, शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स ज्या वहीत मी बसवते त्याच वहीत हे गणित मांडायला कोण नको म्हणतंय? पंचेचाळीस लाख, व्याज दहा टक्के धरलं. दोन वर्षांचं शिक्षण आणि नोकरी शोधायला एक वर्ष, या तीन वर्षांत बँक हप्ता मागत नाही. हे ऐकून आपल्याला वाटतं, तोवर सुटका! पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चालू असतं. सगळी रक्कम एकदम उचलली असं धरलं तर वर्षाला साडेचार लाख व्याज, तीन वर्षांत साडेतेरा. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर साडेअठ्ठावन्न लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे सत्त्याहत्तर हजार. पंधरा वर्षं घेतली तरी त्रेसष्ट हजारांच्या घरात. (प्रत्यक्षात बँक फी भरायच्या वेळी टप्प्याटप्प्यानं पैसे देते, त्यामुळं थोडं कमी होतं. पण घरच्या हिशेबात वाईटच धरावं, हा माझा जुना नियम.)

ही वही मी पुढच्या रविवारी कल्याणला घेऊन गेले. भावजींना निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ते म्हणाले, "अहो, डॉलरमध्ये पगार मिळाला की तीन-चार वर्षांत फिटतं. आमच्या ऑफिसातल्या दोघांच्या मुलांनी फेडलं." ते खोटं नाही. डोंबिवली-ठाण्यात असं फेडलेली घरं कितीतरी आहेत. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानातली पदवी घेतली की शिक्षणाला जोडून एक वर्ष आणि वर आणखी दोन, अशी एकूण तीन वर्षं काम करायची परवानगी मिळू शकते. पण तिथंही एक मेख आहे, आणि ती मला पुतणीनंच सांगितली. पहिल्या वर्षाच्या त्या परवानगीत नोकरीशिवाय राहायची मुभा एकूण ९० दिवसांची. तेवढ्यात काम मिळालं नाही तर परत. मी विचारलं, "परत आलीस तर इथं तुला पगार किती मिळेल?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "काकू, हप्त्याच्या निम्मासुद्धा नाही मिळणार."

जाऊबाई उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. तर त्या तांदूळ निवडायला बसल्या होत्या. आपल्या बायकांचं हे असंच, नाही का?

या सगळ्याच्या आधी एक प्रकार घडून गेला होता, तो तेव्हा कळला. ठाण्याला स्टेशनजवळ परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात भावजींनी पस्तीस हजार भरले होते. त्या माणसानं सात विद्यापीठांची यादी दिली. पुतणीनं एकेक उघडून बघितली तर त्यांतल्या चारांत तिला हवा तो विषयच नव्हता! चौकशी केल्यावर कळलं की काही विद्यापीठं मुलं पाठवल्याबद्दल अशा ऑफिसांना पैसे देतात. मग यादी कुणाच्या सोयीची होणार, ते वेगळं सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे तो म्हणाला, "अनुभवाचं एक सर्टिफिकेट बनवून देतो, अर्ज वजनदार होईल." पोरीनं साफ नाही म्हटलं. बरं केलं. व्हिसाच्या कामात खोटा कागद सापडला तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. पस्तीस हजार काही परत आले नाहीत. भावजी अजून त्या विषयावर बोलत नाहीत आणि आपणही काढायचा नाही.

याच सुमारास शाळेत आठवीला मी आनंदीबाई जोशींवर बोलत होते. आपल्या कल्याणची माहेरवाशीण! जन्म १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं पोस्टात कारकून असलेल्या गोपाळरावांशी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिनं तेव्हा मनात घेतलं. हे दरवर्षी सांगते मी, पण यंदा सांगताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टींवर जात होतं. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापून आलं, ते १८८० साली न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या ७ एप्रिल १८८३ ला. म्हणजे मधली जवळजवळ तीन वर्षं तयारीची! आपण आठव्या सेमिस्टरला जागे होतो.

आणखी एक. तिनं फिलाडेल्फियाच्या कॉलेजकडं अर्जाचं पत्र स्वतः लिहिलं, १८ वर्षांची असताना. आपलं शिक्षण कमी पडतं हे तिनं लपवलं नाही आणि पुरुष डॉक्टरापुढं जायला संकोचणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी मला हे शिकायचंय, असं सरळ सांगितलं. हल्ली मुलांना असंच एक निवेदन लिहावं लागतं, एस.ओ.पी. म्हणतात त्याला. पुतणीचं पहिलं निवेदन मी वाचलं. इंग्रजी झकास, पण त्यात ती कुठंच नव्हती. 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती.' अगं, लहानपणी तू माझ्याकडं यायचीस तेव्हा बाहुल्यांची लग्नं लावायचीस! मी तिला म्हटलं, दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत डोंबिवली एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यात महिनाभर जात होतीस, तिथं पंपाचं काय बिघडलं होतं ते घरी येऊन तासभर सांगत होतीस, ते लिही. तिनं लिहिलं. आता वाचताना तिचा आवाज ऐकू येतो.

जाता जाता, इंजिनियरांनाही पूर्वज आहे बरं का. आनंदीबाईंच्या एक वर्ष आधी, १८८२ साली, पुण्याचे केशव मल्हार भट बोस्टनच्या एम.आय.टी.त दाखल झाले होते. तिथं गेलेले ते पहिले भारतीय.

असो. दागिन्यांवरून आठवलं. आनंदीबाईंच्या प्रवासासाठी दागिने विकावे लागले होते. ही गोष्ट मी घरी सांगत होते आणि सासूबाई ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. "ब्लॉक नको अडकवू. या घे." मी म्हटलं, "आई, आधी कागद बघू, मग पाटल्यांचं." पण घशाशी आवंढा आला होता.

कागद बघितले आणि निम्मा प्रश्न तिथंच सुटला म्हणायचा! आमची इमारत जुनी. भोगवटा प्रमाणपत्र कुठं सापडेना, जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. डोंबिवलीचं हे दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या इथल्या ६५ इमारती पाडायचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हापासून कागदांकडं सगळेच भिंगातून बघतात. आमची काही त्या यादीतली नाही, पण बँकेचा वकील भोगवटा प्रमाणपत्र मागणारच. त्यातून आमच्याकडं पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू झाल्यात. तारण ठेवलेल्या ब्लॉकाला पुनर्विकासाच्या वेळी बँकेची ना-हरकत आणावी लागते. एका ब्लॉकापायी सगळी सोसायटी खोळंबली तर जिन्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ज्या भगिनी घर तारण ठेवायचं म्हणताहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की मुलाचा प्रवेश होण्याची वाट न बघता आधी खरेदीखत, इंडेक्स-टू, शेअर सर्टिफिकेट आणि भोगवटा प्रमाणपत्र एका फाइलीत लावून बघा. काय नाही ते तेव्हाच कळेल.

सगळ्याच कर्जाला घर लागतं असंही नाही. बँकांच्या ठरीव योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसातपर्यंत जामीनदारावर भागतं. त्यावर तारण मागतात. पण नावाजलेल्या विद्यापीठांच्या याद्या बँकांकडं असतात आणि त्यांत प्रवेश मिळाला तर बिनतारणाचीही मोठी रक्कम मिळते. सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जानं निरनिराळ्या बँकांकडं मागणी करता येते. आयकरात व्याजाची सूट मिळते, मात्र जुनी करपद्धत घेणाऱ्यालाच, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. काकानं दिलेल्या पैशांवर नाही! जमशेटजी टाटांनी १८९२ साली काढलेला जे. एन. टाटा एंडोमेंट आजही परदेशी शिकणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही वेगळी आहे. त्यांचे नियम आणि उत्पन्नाच्या अटी दर साली नीट वाचून घ्याव्यात. कितीतरी घरी हे ठाऊकच नसतं आणि पोरं सावकारी व्याजात पडतात.

मग पुतणीच म्हणाली, "काकू, जर्मनीचं बघते."

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, सेमिस्टरला थोडी वर्गणी असते. सगळीकडं मात्र नाही हं! बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून नव्या मुलांना फी लावली आहे. खर्च आहे तो राहण्याजेवणाचा. व्हिसासाठी एक वर्षाचे पैसे आधी दाखवून एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. युरोला शंभर रुपये धरले तर बारा लाखांच्या आसपास. हे पैसे बुडत नाहीत, दरमहा ९९२ युरो तिचे तिलाच परत मिळतात, त्यावरच घर चालवायचं. वर शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

पण फुकट ते पौष्टिक असं समजू नका. भारतातून जाणाऱ्याला १ नोव्हेंबर २०२२ पासून ए.पी.एस. नावाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या मार्कशीटा खऱ्या आहेत की नाहीत ते तपासून दिल्लीहून देतात आणि त्याला वेळ लागतो. आपले गुण ते त्यांच्या सूत्रानं बदलून घेतात, तिथं केटीवाल्यांची जरा पंचाईत होते. इंग्रजीतून शिकवणारे वर्ग आहेत (डी.ए.ए.डी. या त्यांच्या संस्थेच्या साइटवर यादी मिळते, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही), पण नोकरी हवी तर जर्मन यायला हवं. दुकानात कांदे घ्यायलासुद्धा हवं! म्हणजे दीड-दोन वर्षं आधीपासून भाषा शिकणं आलं.

मी पुन्हा वही उघडली. पंधरा लाखांचं कर्ज. शिकत असताना भावजी दरमहा साडेबारा हजार व्याज भरत गेले तर मुद्दल वाढत नाही, आणि नंतर दहा वर्षांचा हप्ता वीस हजारांच्या आत. पोर काहीच जमलं नाही म्हणून परत आली आणि ठाण्याला नोकरीला लागली, तरी हा हप्ता तिच्या पगारातून जातो. भावजींनी चष्मा काढून तो आकडा दोनदा वाचला. म्हणाले, "पण लोक म्हणतील अमेरिकेला झेपलं नाही." यावर जाऊबाई, ज्या इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "लोक हप्ता भरणारेत का?"

अमेरिका सोडलेली नाही. तिथं एक-दोन विद्यापीठांत अर्ज करायचा, आणि मोठी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळाली तरच जायचं, असं ठरलं. तुमच्या घरी उलटं ठरेल. ज्यांना नीट झेपतं त्यांनी खुशाल जावं, माझं म्हणणं एवढंच, की हप्ता इथल्या पगारात बसवून बघावा.

आता तारखांचं. मी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत उलटं मोजत गेले. अमेरिकेचे वर्ग ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतात, अर्जाच्या तारखा आधीच्या डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे जी.आर.ई., टोफेल किंवा आयेल्ट्स त्याआधीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उरकायला हव्यात. जी.आर.ई.चे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल-आयेल्ट्सचे दोनच, त्यामुळं इंग्रजीची परीक्षा फार लवकरही देऊ नये. जी.आर.ई. हल्ली सगळीकडं लागत नाही, आधी बघावं, मग क्लासची फी भरावी. जर्मनीचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला, अर्ज त्याच वर्षी वसंतापासून साधारण १५ जुलैपर्यंत, पण परदेशी मुलांसाठी कित्येक ठिकाणी तारीख बरीच आधी असते. प्राध्यापकांची शिफारसपत्रं हा एक वेगळाच ताप. सरांकडं परीक्षेच्या धांदलीत जाऊ नये, दोन महिने आधी जावं आणि सोबत आपण काय काय केलं त्याचा कागद द्यावा. वर्गात साठ मुलं असतात, सरांना तुमचा प्रोजेक्ट आठवावा कसा?

पासपोर्टचं काम सर्वांत आधी. आपल्याकडं ते ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये होतं. तिथं आमच्या पुतणीचं घोडं नावावर अडलं. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधार कार्डावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं, दहावीच्या सर्टिफिकेटवर आणखी निराळं. आपल्या मराठी नावांत एक 'ए' इकडचा तिकडं झाला की तीन माणसं तयार होतात! हे सगळं एकसारखं करून घ्यायला तिला दोन महिने लागले, आणि तिसऱ्या वर्षाला होती म्हणून निभावलं. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करण्यापूर्वी हे उरकलेलं बरं.

व्हिसाला भरपूर सवड ठेवावी. २०२५ साली मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच थांबवलं होतं. नंतर सुरू केल्या त्या मुलांनी आपली समाजमाध्यमांची खाती सर्वांना खुली करावीत या अटीवर. त्या तीन आठवड्यांत कितीतरी आयांच्या तोंडचं पाणी पळालं असेल. तिकीट आधी काढून ठेवण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो. आणि फार लवकरही पोचता येत नाही. अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३० दिवसांहून आधी विद्यार्थी म्हणून आत सोडत नाहीत.

आता आपल्या हातातलं खातं, सामान! जाऊबाईंनी आत्तापासून यादी केलीय आणि तिच्यात पापडच दोन किलो आहेत. मी कात्री लावतेय. कुकर द्यावा, छोटा, सोबत दोन जादा रिंगा आणि शिट्टी. गोडा मसाला द्यावा, पण एक ध्यानात ठेवा. विमान दुबई-अबूधाबीवरून जात असेल तर खसखस चुकूनही देऊ नका, तिथं ती अमली पदार्थांत धरतात. गोड्या मसाल्यात बरेचजणी खसखस घालतात, म्हणून हिच्यासाठी वेगळा, बिनखसखशीचा करणार आहे. अमेरिकेला जाणाऱ्यांनी ओला कढीपत्ता नेऊ नये, लिंबावर पडणाऱ्या रोगाच्या भीतीनं तिथं त्याला बंदी आहे. दात इथंच दाखवून घ्यावेत, चष्म्याच्या दोन जोड्या कराव्यात, लसींची नोंद डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. आरोग्य विमा घेताना सर्वांत स्वस्त कोणता एवढंच न बघता त्यात काय बसत नाही ते वाचावं.

गरम कपड्यांवर मात्र कात्री लावू नका. हे सांगताना मला पुन्हा आनंदीबाईच आठवतात. परीक्षा दिल्या, ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती. पण तिथली थंडी आणि न मानवणारं खाणं यांत प्रकृती ढासळली, क्षयानं गाठलं. परत आल्या त्या आजारीच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २१. पदवीचं ज्ञान इथं वापरायला मिळालंच नाही. वर्गात हे सांगितलं की मुली गप्प होतात. परवा मीही घरी येऊन पुतणीला फोन केला आणि काही कारण नसताना, "खातेस ना नीट?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काकू, मी अजून कल्याणलाच आहे!"

स्वयंपाक तिला फारसा येत नाही. मॅगी येते. म्हणून दर रविवारी सकाळी ती आमच्याकडं येते आणि तासभर मी तिला एकच पदार्थ शिकवते. वरणभात झाला, कांदेपोहे झाले, पिठलं दोनदा झालं कारण पहिल्यांदा गुठळ्या. पोळ्यांचं मी मनावर घेतलेलं नाही, भाकरीचं तर नाहीच. आमचा सहावीतला चिरंजीव ताट घेऊन परीक्षक म्हणून बसतो. भांडी घासून झाली की ती सासूबाईंना दहापर्यंत जर्मन अंक म्हणून दाखवते. सासूबाईंना सातपर्यंत येतात.

पाटल्या पुन्हा कपाटात गेल्या आहेत. बँकेतल्या बाईंनी पंधरा लाखांना काय काय लागेल त्याचा कागद दिला आहे, त्यात भावजींबरोबर एक जामीनदार लिहिलाय. ह्यांनी मला विचारलं, "करू सही?" मी म्हटलं, "पंधरापर्यंत करा. सोळाव्या लाखाला मला विचारा."

ए.पी.एस.चा अर्ज या महिन्यात जाईल. त्यासाठी सहाही सेमिस्टरच्या मार्कशीटा हव्यात, आणि चौथ्या सेमिस्टरची जाऊबाईंनी इतकी जपून ठेवलीय की ती कुठं ठेवली तेच त्यांना आठवत नाही. येत्या शनिवारी मी कल्याणला जाते आहे शोधायला.